नगररचना आणि प्रादेशिक नियोजनात विद्यापीठाची भूमिका

शहराचा डीपी म्हणजे विकास आराखडा बनवायचा अधिकार महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा, प्रादेशिक आराखडा प्रादेशिक मंडळाचा नाहीतर प्राधिकरणाचा, आणि शेवटची मंजुरी राज्य सरकारची. या साखळीत विद्यापीठाच्या सहीला कुठे जागा नाही. तरीपण महाराष्ट्रातल्या नियोजनाचा इतिहास उलगडत गेलं की मागे कुठल्यातरी विद्यापीठाची, कॉलेजची किंवा संशोधन संस्थेची पाहणी सापडतेच, म्हणजे नकाशा काढणारे यायच्या कितीतरी आधी कोणीतरी दारोदार फिरून विचारलेलं असतं की घरात माणसं किती, कामाला कुठे जाता, पाणी कुठून आणता, कर्ज किती आहे. पाहणी करणं आणि ती जपून ठेवणं, विद्यापीठाचं मुख्य काम हेच, बाकी सगळं त्याच्यानंतर.

आपल्याकडे याची सुरुवात मुंबईत झाली. मुंबई प्रांताचा नगररचना कायदा 1915 चा, देशातला पहिला. त्याच सुमाराला पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश गृहस्थ भारतात आले. मूळचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. शहरांवरचं मोठं प्रदर्शन घेऊन येत होते, पण सामानाचं जहाज 1914 मध्ये एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडवलं, मग नकाशे आणि चित्रं पुन्हा गोळा करून मद्रासला प्रदर्शन भरवलं. पुढे गावोगाव फिरून त्यांनी अहवाल लिहिले, होळकरांच्या इंदूरचा 1918 चा दोन खंडांचा अहवाल त्यातला सगळ्यात मोठा. त्यांचं सांगणं साधं होतं, आधी पाहणी, मग आराखडा. प्लेगनंतर ठिकठिकाणी जुन्या वस्त्या सरसकट पाडून रुंद रस्ते काढायचा धडाका लागला होता, गेडिसनी त्याला विरोध केला. पडकी दोन-चार घरं काढा, तिथे मोकळी जागा करा, विहीर साफ करा, झाड लावा, बाकी वस्ती राहू द्या, असं त्यांचं म्हणणं. आज गावठाणाच्या पुनर्विकासाचं बोलताना कोणी हे वाचत नाही याचं फार वाईट वाटतं.

1919 मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्राचा विभाग काढला आणि गेडिसना पहिले प्राध्यापक नेमलं. हे महत्त्वाचं, कारण शहराचा अभ्यास इंजिनिअरकडे न जाता माणसांचा अभ्यास करणाऱ्यांकडे आला. 1924 ला ते विद्यापीठ सोडून गेल्यावर विभाग मालवणच्या गो. स. घुर्ये यांनी सांभाळला आणि पुढची 35 वर्षं चालवला. घुर्ये जातिसंस्थेच्या अभ्यासासाठी ओळखले जातात, पण त्यांनी पुण्याच्या हवेली तालुक्यावर आणि त्यातल्या लोणीकंदवरही काम केलं. लोणीकंदची पाहणी थॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टरने पेशवाई बुडाल्यावर लगेच केलेली होती, घुर्येंनी सव्वाशे-दीडशे वर्षांनी तेच गाव पुन्हा पाहिलं. आता लोणीकंद पुणे महानगराच्या हद्दीत आहे, आणि शहर अंगावर येण्याआधी गाव कसं होतं हे दोन वेगवेगळ्या काळांत लिहून ठेवलेलं आहे.

असंच पिंपळे सौदागरचं. आज तिथे उंच सोसायट्या आहेत, पण पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी या गावाची जमीन, पीक, कर्ज सगळं मोजून 1917 ला पुस्तक काढलं, तेही मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथमालेत. वाटण्या होत होत शेतीचे इतके बारके तुकडे झालेले की त्यावर कुटुंबाचं भागत नाही, हे त्यात आकड्यांनी मांडलं होतं. तुकडेबंदीचा कायदा आला 1947 ला, म्हणजे 30 वर्षांनी. विद्यापीठाचं काम असं हळू पचतं, पाच वर्षांच्या टर्ममध्ये त्याचा हिशोब लागत नाही.

सगळ्यात ठळक उदाहरण मात्र पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचं. संस्था 1930 ची, तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा, म्हणजे स्वतः पदव्या द्यायचा अधिकार, 1993 ला मिळाला. संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी पुणे शहराची कुटुंबवार पाहणी केली, उत्पन्न, धंदा, घर, शिक्षण सगळं. तिचा पहिला भाग 1945 ला आणि दुसरा 1952 ला छापून आला, आणि मध्ये युद्ध, फाळणी असं सगळं होऊन गेल्यामुळे संस्थेने 1954 च्या सुमारास शहराची फेरपाहणी पण केली. एकच शहर, एकच संस्था, दोनदा मोजलेलं. अशी शिस्त नंतर फार कमी दिसली.

हेच गाडगीळ 1965 मध्ये राज्य सरकारच्या समितीचे अध्यक्ष झाले, विषय मुंबई आणि पुण्याच्या महानगर प्रदेशांचा. समितीने सांगितलं की मुंबईतली कारखान्यांची वाढ रोखा, उद्योग बाहेर पसरवा, खाडीपलीकडे एकच अवाढव्य शहर न करता अडीच लाखांच्या आतल्या बऱ्याच वसाहती करा, आणि प्रदेशासाठी नियोजन मंडळं स्थापन करा. यातूनच 1966 चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा, म्हणजे सगळे ज्याला एमआरटीपी म्हणतात तो, मग 1967 ला मुंबई महानगर प्रदेशाचं मंडळ, आणि 17 मार्च 1970 ला सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ. नवी मुंबईच्या नोड-नोडच्या, म्हणजे वेगवेगळ्या छोट्या उपनगरांच्या, रचनेत त्या अहवालाची सावली स्पष्ट दिसते. पण ज्यांची जमीन गेली त्या आगरी-कोळी गावांना आधी बसून विचारलं गेलं नाही, 1984 ला उरण तालुक्यातल्या आंदोलनात पाच जणांचे जीव गेले आणि घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत द्यायची योजना त्यानंतरच आली. आधी पाहणी म्हणजे आधी माणसं, हे गेडिसचं सूत्र इथे सुटलं.

शिकवण्याची बाजू सगळ्यांना माहीत असते म्हणून थोडक्यात. पुण्याचं सीओईपी, नागपूरचं व्हीएनआयटी ही इंजिनिअरिंगची कॉलेजं आणि दिल्लीचं एसपीए, अहमदाबादचं सेप्ट या नियोजन आणि वास्तुरचना शिकवणाऱ्या संस्था, इथून प्लॅनर तयार होतात. सेप्टने तर अहमदाबादच्या जनमार्ग बीआरटीएसचं, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकांच्या व्यवस्थेचं, डिझाइनच केलं, बस 2009 ला धावली. एमआरटीपीच्या कलम 28 मध्येही प्राध्यापकांना जागा आहे, विकास आराखड्यावरच्या हरकती-सूचना ऐकणाऱ्या समितीत स्थायी समितीचे तिघे आणि नगररचना किंवा पर्यावरणाचे जाणकार चारपर्यंत घेता येतात. प्राध्यापकांनी इथे बसायला हवं असं मनापासून वाटतं, कारण हजारो हरकतींमधून खरी अडचण कुठली हे ओळखायला बाहेरची नजर लागते.

अलीकडचा चांगला प्रयत्न म्हणजे उन्नत महाराष्ट्र अभियान, 2016 पासूनचं. आयआयटी मुंबईच्या सितारा या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्राचा त्यात पुढाकार. कल्पना अशी की जिल्ह्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी आपल्याच तालुक्यातली नळपाणी योजना का बंद पडली, टँकर का लागतो, एसटी वेळेवर का येत नाही हे जाऊन मोजायचं आणि रिपोर्ट जिल्हा प्रशासनाला द्यायचा. सहाव्या सेमिस्टरचा पोरगा टाकीची उंची, पाइपचा व्यास आणि वाडीवरच्या बायकांच्या हंड्यांच्या खेपा एकाच वहीत लिहितो, आणि ती वही पंचायत समितीच्या टेबलावर पोचते.