टायरमधला काळा काढून घेतला तर

पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर आणि फर्ग्युसन रस्त्यावर सध्या आरपार दिसणाऱ्या तळाचे बूट मिळतात. घेणाऱ्याचं कौतुक साधारण पहिल्या उन्हाळ्यापर्यंत टिकतं. मग कडा पिवळ्या पडू लागतात, पाठोपाठ टाच. टूथपेस्ट, खायचा सोडा, सगळं घासून होतं, पण पिवळेपणा हटत नाही. कारण तो मळ नसतोच, रबराच्या आणि त्यात घातलेल्या रसायनांच्या रेणूंमध्ये झालेला बदल असतो. दुकानाबाहेर लावलेल्या दुचाकीचा टायर मात्र त्याच उन्हात वर्षानुवर्षं उभा असतो आणि त्याच्या रंगाबद्दल कोणाची तक्रार नसते. काळ्यावर डाग दिसत नाहीत, हे त्याचं अर्धंच कारण. टायरमधला काळा रंग शोभेचा नाही, तो तिथे राबतो. आरपार किंवा रंगीत टिकाऊ रबर बनवायचं म्हणजे या काळ्याला रजा द्यायची आणि त्याची सगळी कामं दुसऱ्या कोणाकडून तरी करून घ्यायची.

रबर मुळात काळं नाही. झाडाचा चीक पांढराशुभ्र असतो आणि धुरी देऊन वाळवलेले कच्च्या रबराचे पत्रे मधासारख्या पिवळसर-तांबूस रंगाचे असतात. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक घालून रबर तापवलं आणि चिकट, उन्हात पाघळणाऱ्या पदार्थाला कायमचा लवचीकपणा आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत टायर फिकट रंगाचेच होते, कारण त्यात झिंक ऑक्साइडची पांढरी पूड घालत. १८९८ मध्ये जन्मलेला मिशेलिनचा तो टायरांचा जाडा माणूस आजही पांढरा आहे, तो त्यामुळेच. १९०४ च्या सुमारास इंग्लंडमध्ये सिल्व्हरटाउन इथे एस. सी. मोट यांनी रबरात काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, घालून पाहिली आणि टायर कमी झिजतो असं लक्षात आलं. अमेरिकेत गुडरिच कंपनीला ही काजळी पुरवणारी बिनी अँड स्मिथ म्हणजे मुलांचे क्रेयोला खडू बनवणारी कंपनी. लहान मुलांना रंग विकणाऱ्यांनीच जगभरच्या टायरांचा रंग घालवला, ही गंमत मला फार आवडते.

काजळी नेमकं काय करते? टायरच्या रस्त्याला लागणाऱ्या भागात वापरतात त्या काजळीचे मूळ कण २० ते ३० नॅनोमीटरचे असतात आणि एकमेकांना चिकटून त्यांच्या वेड्यावाकड्या साखळ्या बनतात. एक ग्रॅम काजळीचं पृष्ठफळ शंभर चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे एका मध्यम फ्लॅटएवढं. रबराचे लांबलचक रेणू या पृष्ठभागाला घट्ट धरतात. कुठे चीर सुरू झालीच तर तिला सरळ पुढे सरकता येत नाही, वाट वाकडी करावी लागते आणि त्यात तिचा जोर संपतो. कारच्या टायरमध्ये सर्रास वापरलं जाणारं एसबीआर हे कृत्रिम रबर नुसतंच घेतलं तर दोन-तीन मेगापास्कल ताणाला तुटतं. काजळी घातल्यावर वीस मेगापास्कलच्या पुढे जातं. झाडाचं रबर इथे वेगळं निघतं. ते ताणलं की त्याचे रेणू एका दिशेत लागून स्फटिकासारखे बांधले जातात, त्यामुळे काहीही न मिसळता ते मजबूत असतं. म्हणून साधा रबरबँड एवढा ताण सोसतो. पण ताण सोसणं वेगळं आणि रस्त्यावर घासलं जाणं वेगळं. रबरबँडच्या रबराचा टायर खडीवर भराभर झिजेल.

मजबुतीला पर्याय मिळाला आहे, तो म्हणजे सिलिका. वाळूचंच रसायन, पण अतिशय बारीक आणि स्फटिक नसलेल्या रूपात. ती रबरात पांढरी न दिसता आरपार का दिसते, हे कळायला बटाटेवड्याचा कागद पुरतो. कागद पांढरा दिसतो, कारण त्याचे तंतू आणि मधली हवा यांचे अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती वळवतो त्याचं माप) वेगळे असतात आणि प्रत्येक सीमेवर प्रकाश विखुरतो. हवेच्या जागी तेल शिरलं की फरक जवळजवळ मिटतो आणि डागातून पलीकडची अक्षरं दिसू लागतात. रबराचा अपवर्तनांक सुमारे १.५२, सिलिकाचा १.४६. झिंक ऑक्साइडचा २ आणि पांढऱ्या रंगासाठी वापरतात त्या टायटॅनियम डायऑक्साइडचा तर २.७ च्या घरात. फरक जितका मोठा तितकं रबर दुधाळ.

दुसरी अट आकाराची. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर. कण त्याहून पुष्कळ लहान असेल तर प्रकाश त्याला जवळपास जुमानत नाही, पण व्यास दुप्पट झाला की त्या एका कणाकडून विखुरणारा प्रकाश ६४ पट होतो. सिलिकाची खोड इथेच आड येते. तिच्या पृष्ठभागाला पाणी आवडतं, रबराला तेल. त्यामुळे तिचे कण रबरात मिसळण्याऐवजी आपापसात गोळे करून बसतात. यावर तोडगा म्हणजे सिलेन नावाची रसायनं. त्यांचं एक टोक सिलिकाला जोडलं जातं, दुसरं गंधकामार्फत रबराला. सिलेन वापरून मिशेलिनने १९९२ मध्ये सिलिकाचे टायर बाजारात आणले. हेतू रंगाचा नव्हता, इंधन वाचवण्याचा होता: असा टायर फिरताना कमी तापतो आणि ओल्या रस्त्यावर चांगला धरतो.

भोसरी, चिंचवडच्या एमआयडीसीत रबराचे लहान-मोठे भाग बनवणारे अनेक कारखाने आहेत. काळ्या रबराचं कंपाउंड, म्हणजे रबर आणि रसायनांचं मिश्रण, करताना मिसळण्यात थोडं उन्नीस-बीस झालं तर मालाकडे नुसतं पाहून ते कळत नाही. आरपार रबरात सगळं उघड्यावर असतं. सिलिकाचा गोळा राहिला की ढगाळ ठिपका, मिलवर, म्हणजे रबर मळणाऱ्या यंत्रावर, आधीच्या काळ्या मालाचा अंश राहिला की करडी रेघ. पाककृतीही बदलावी लागते. गंधकाची क्रिया नीट व्हावी म्हणून शंभर भाग रबराला ३ ते ५ भाग झिंक ऑक्साइड घालण्याची रीत आहे, पण त्याने धूसरपणा येतो. मग त्याच्या जागी झिंक कार्बोनेट, तेही बेताने. रबर निवडायचं ते फिकट. गंधकाऐवजी पेरॉक्साइडने पक्कं केलं तर रंग आणखी स्वच्छ राहतो. नैसर्गिक रबर आणि पॉलिब्युटाडाइन ही दोन रबरं एकमेकांत पूर्ण विरघळत नाहीत, तरी त्यांचं मिश्रण ढगाळ दिसत नाही, कारण दोघांचे अपवर्तनांक जवळजवळ सारखे. बुटांच्या आरपार तळात ही जोडी चालते ती त्यामुळेच.

इथवरचा भाग अवघड असला तरी सुटलेला आहे. माझ्या मते खरी अडचण मजबुतीची नाहीच, उन्हाची आणि हवेची आहे.

काजळी अतिनील किरण वरच्या पातळ थरातच शोषून घेते, आतलं रबर अंधारात सुखरूप. आरपार रबरात मात्र ऊन थेट पोटात शिरतं. शिवाय नैसर्गिक रबर, एसबीआर, पॉलिब्युटाडाइन या सगळ्यांच्या रेणूंत दुहेरी बंध असतात आणि ओझोन नेमका तिथेच वार करतो. वाहनांच्या धुरावर ऊन पडलं की जमिनीलगत ओझोन तयार होतो, आणि पुण्यात या दोन्हींची टंचाई नाही. ताणलेल्या रबराला तो ताणाच्या काटकोनात चिरा पाडतो. प्रयोगशाळेतली नेहमीची चाचणी दहा कोटी भाग हवेत ५० भाग ओझोन, ४० अंश सेल्सिअस, रबर २० टक्के ताणलेलं अशी असते. म्हणजे ओझोन किती कमी पुरतो ते लक्षात येईल. टायरमध्ये यावर ६पीपीडी नावाचं रसायन घालतात. ते हळूहळू पृष्ठभागावर येऊन रबराच्या आधी स्वतः ओझोनशी भिडतं. जुन्या टायरच्या बाजूवर दिसणारी तपकिरी झाक बरेचदा त्याचीच. रंगीत रबरात ते चालत नाही, लगेच डाग पडतात. त्याचं आणखी एक दुखणं अलीकडे कळलं: ओझोनशी क्रिया होऊन त्यातून बनणारा पदार्थ पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत जातो आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे कोहो सामन मासे त्याने मरतात.

मग फिकट रबरात फिनॉल वर्गातली डाग न पाडणारी रसायनं आणि अतिनील किरण शोषणारी द्रव्यं घालतात. पण फिनॉलवाली काही रसायनं धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडशी क्रिया करून स्वतःच पिवळी होतात. यासाठी ऊन लागत नाही. खोक्यात जपून ठेवलेले कोरे बूटही पिवळे निघतात ते यामुळे. ईपीडीएमसारख्या रबराच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नसतात, म्हणून ओझोन त्याला फारसं काही करू शकत नाही. ते मिसळून टायरच्या बाजूचा भाग वाचवता येतो, पण इतर रबरांशी त्याची गट्टी जमवणं सोपं नाही.

चपला-बुटांना पळवाटा आहेत. टीपीआर, म्हणजे तापवलं की मऊ होणाऱ्या रबराच्या सोलमध्ये पॉलिस्टायरीनचे दहा-वीस नॅनोमीटरचे कडक पुंजके मऊ साखळ्यांना गाठीसारखे धरून ठेवतात. पुंजके इतके लहान की प्रकाशाला दिसत नाहीत, त्यामुळे गंधक, सिलिका काहीच न घालता आरपार आणि हवा तो रंग घेणारा सोल मिळतो. मात्र शंभर अंशांच्या आतच हे पुंजके मऊ पडतात. पायाखाली चालेल, चाकाखाली नाही. पॉलियुरेथेन (पीयू) झिजेला चिवट, पण स्वस्त प्रकार उन्हात पिवळे पडतात, आणि पॉलिएस्टरवर आधारलेले दमट हवेत पाण्याने फुटतात. कपाटात ठेवलेल्या पीयू सोलचा पावसाळ्यानंतर भुगा झालेला बऱ्याच घरांनी पाहिला आहे. गावाकडची जुन्या ट्रक-टायरच्या तळाची चप्पल मालकाच्या संयमाची परीक्षा पाहीपर्यंत टिकते, पण तिला शोकेसमध्ये कोण ठेवणार?

चाकाखालीही पॉलियुरेथेन घालून झालं आहे. गुडइयर कंपनीने १९६१ मध्ये निओथेन नावाच्या पॉलियुरेथेनचे आरपार टायर बनवून आत दिवे लावले. रात्री लाल, हिरवे, पिवळे चमकणारे हे टायर पाहायला लोक थांबत. पण ओल्या रस्त्यावर पकड कमी, आणि जोरात ब्रेक लावला की उष्णतेने वितळू लागत. कल्पना बाजारात आलीच नाही.

प्रयोगशाळांत वेगळ्या वाटा चालू आहेत. २०१४ मध्ये पॅरिसमधल्या कोस्तान्तिनो क्रेतोन यांच्या गटाने एकात एक गुंतलेल्या जाळ्यांचं रबर दाखवलं. आतलं जाळं आधीच ताणलेलं असतं. ओढल्यावर त्याचे बंध जागोजाग तुटतात, ऊर्जा गिळतात आणि बाहेरचं जाळं शाबूत राहतं. काहीही पूड न घालता चिवटपणा. त्यांनी असेही बंध घातले होते जे तुटताना प्रकाश देतात, त्यामुळे रबर नेमकं कुठे फाटायला लागलंय ते दिसतं. काळ्या रबरात हे कधीच पाहता आलं नसतं. मात्र तुटलेले ते बंध पुन्हा जुळत नाहीत, आणि टायर तर मिनिटाला शेकडो वेळा दबतो-सुटतो.

आपल्याकडे टायर रस्त्यावर येण्याआधी चाचण्यांतून जातो. भोसरीच्या केंद्रीय सडक परिवहन संस्थेत टायर तपासले जातात, आणि वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेमार्फत निघणारं एआयएस-१४२ हे मानक टायरचा आवाज, ओल्या रस्त्यावरची पकड आणि फिरताना होणारा विरोध या तीन गोष्टी मोजतं. या तिन्हींत रंग येत नाही, आणि तिन्हींसाठी काजळी अटळ नाही. सिलिकाचे अनेक टायर आज मुख्यतः सिलिकाच्याच जोरावर चालतात. त्यांत उरलेली थोडी काजळी ऊन अडवते, आणि आणखी एक काम करते: विजेचं वहन. सिलिका वीज वाहून नेत नाही, म्हणून अशा टायरच्या मधोमध काजळीच्या रबराची एक बारीक पट्टी खालपर्यंत सोडतात. गाडीवर साचलेली स्थिर वीज तिच्यातून जमिनीत उतरते. नाहीतर पेट्रोल भरताना ठिणगीचा धोका. आरपार टायर उद्या सगळ्या परीक्षांत पास झाला तरी त्याच्या पोटातून ही काळी रेघ ओढावी लागेल, किंवा तिच्याजागी वीज वाहणारं आणि तरीही दिसणार नाही असं काहीतरी शोधावं लागेल. सायकलला ना पेट्रोल, ना तेवढा वेग, ना तेवढं वजन. तिचे लाल-निळे टायर म्हणूनच आधी आले.