रणगाडा प्रतिकृती, रेडिओ-नियंत्रित : कोकण किनाऱ्यावरील बांधणी व निगा

खऱ्या रणगाड्याच्या मापांवरून ठरावीक प्रमाणात बांधलेली, विजेच्या मोटरींवर धावणारी आणि रेडिओ संदेशांनी दुरून चालवली जाणारी प्रतिकृती. १:१६ हे प्रमाण सर्वाधिक रूढ आहे. १:६ आणि त्याहून मोठ्या प्रतिकृतींना सामान्यतः ‘मोठ्या मापाच्या’ म्हणतात.

उगम : रेडिओ-नियंत्रित वाहनाचे श्रेय बहुधा निकोला टेस्ला यांना दिले जाते. त्यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथे बिनतारी नियंत्रणाची छोटी नौका चालवून दाखवली. स्पॅनिश अभियंते लिओनार्दो टोरेस केवेदो यांचे ‘टेलेकिनो’ हे बिनतारी नियंत्रणाचे यंत्र त्यानंतरचे, १९०३ च्या सुमाराचे. मात्र त्याद्वारे त्यांनी तीनचाकी गाडीही चालवली. शिवाय त्यात तारायंत्रासारख्या ठोक्यांच्या संख्येवरून वेगवेगळ्या आज्ञा ओळखल्या जात. नौका आणि जमिनीवरचे वाहन यांचा एकत्र विचार केला तर टेस्लांचा अग्रक्रम निर्विवाद ठरतो. परंतु रणगाडा हे भूवाहन असल्याने त्याची वंशावळ टोरेस यांच्या गाडीपासून मांडणे अधिक सयुक्तिक वाटते. खऱ्या रणगाड्यांत सोव्हिएत संघाचे टी-२६ रणगाड्यावर आधारलेले, रेडिओने दुरून चालवायचे ‘टेलिटँक’ १९३९-४० च्या फिनलंड युद्धात वापरले गेले. ‘गोलियाथ’ या स्फोटके वाहणाऱ्या छोट्या जर्मन वाहनाचाही येथे उल्लेख होतो, पण तो तारेने नियंत्रित होता. छंदाच्या बाजारात जपानच्या तामिया कंपनीचा १:१६ मापाचा शर्मन रणगाडा (१९७४) हा महत्त्वाचा टप्पा मानतात.

माप व वजन : लांबी सहापट कमी केली की घनफळ २१६ पट कमी होते. भारतीय विजयंता रणगाडा सुमारे ३९ टनांचा व ३.१७ मी. रुंद. १:६ मापात रुंदी साधारण ५३ सेंमी. होते आणि तंतोतंत प्रमाणातले वजन १८० किलोग्रॅम भरते. १:१६ मध्ये ते साडेनऊ किलोग्रॅमच उरते. जमिनीवरचा दाब प्रमाणाइतकाच घटत असल्याने प्रतिकृती मऊ पुळणीतही सहसा रुतत नाही. वाळूचा कण मात्र लहान होत नाही. तो ट्रॅकच्या (चाकांवरून फिरणाऱ्या साखळीपट्ट्याच्या) पिनांच्या फटीत शिरतो आणि पिना झिजवतो. विजयंता प्रत्यक्ष पाहून मापांची खात्री करायची असल्यास अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय घाटापलीकडे आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात मालगुंडसारख्या किनाऱ्यांवरील काळ्या वाळूत इल्मेनाइट व मॅग्नेटाइट ही खनिजे असतात. मॅग्नेटाइट मोटरीच्या चुंबकाला चिकटते, हवेच्या फटीत साचते व कम्युटेटरवर (मोटरीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या तांब्याच्या कड्यावर) ओरखडे पाडते. म्हणून अशा पुळणीवर बंद आवरणाची मोटर वापरावी. भातकापणीनंतरचे कोरडे मळे चालवण्यास अधिक बरे. सड्यावरचा (कोकणातील खडकाळ पठारावरचा) जांभा ट्रॅक झिजवतो, पण त्याची धूळ मोटरीला इतकी घातक नाही.

गंज : किनाऱ्यावरील निगेचा खरा प्रश्न हाच आहे. शुद्ध मीठ हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की ओलावा शोषून विरघळते. समुद्री मिठातील मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओले होते. त्यामुळे पुळणीवर कधीही न नेलेली प्रतिकृतीही खाऱ्या वाऱ्याने घरात बसल्या जागी गंजू शकते. केरोसीन किंवा तेलाने पुसून मीठ निघत नाही, ते तेलाच्या थराखाली राहून काम करत राहते. आधी गोड्या पाण्याने धुणे, मग पूर्ण वाळवणे आणि शेवटी ग्रीस हा क्रम मोडू नये. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. ते टाळून पावसाळ्यात धरलेले पागोळीचे पाणी वापरावे. खोबरेल तेल २४ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठते, त्यामुळे गिअरबॉक्सला वंगण म्हणून ते योग्य नाही.

ॲल्युमिनियम व पोलाद ओल्या मिठात एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम आधी खाल्ले जाते आणि पांढरी भुकटी दिसू लागते. ॲल्युमिनियमच्या मोठ्या पत्र्यात पोलादी स्क्रू असेल तर झीज पसरून मंदावते. उलट पोलादी हलमध्ये (रणगाड्याच्या मुख्य सांगाड्यात) ॲल्युमिनियमचे बारीक रिव्हेट असतील तर ती त्यांच्यावर एकवटते व रिव्हेट सुटतात. ही दुसरी रचना कोकणात करूच नये. नायलॉनचे वॉशर व झिंकयुक्त प्रायमर उपयोगी पडतात. हल फायबरचा केल्यास हा प्रश्न बराचसा मिटतो आणि मच्छीमार नौकांवर तेच काम करणारे कारागीर बंदरांत भेटतात.

नियंत्रण : दोन्ही ट्रॅकना स्वतंत्र मोटरी असतात, त्यांच्या वेगातील फरकाने प्रतिकृती वळते. जुन्या २७ मेगाहर्ट्‌झ संचांची जागा आता बहुतांशी २.४ गिगाहर्ट्‌झ संचांनी घेतली आहे. भारतात हा पट्टा कमी शक्तीच्या वापरासाठी २००५ पासून परवानामुक्त आहे.

साठवण : जून ते सप्टेंबर प्रतिकृती लाकडी ठोकळ्यांवर, ट्रॅक सैल करून ठेवावी. लिथियम-पॉलिमर बॅटरी काढून प्रत्येक सेल सुमारे ३.८ व्होल्टवर, तर शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण भरून ठेवावी व अधूनमधून पुन्हा भरावी.