रॅबिटएमक्यूचा (प्रोग्राम्समध्ये मेसेज पोहोचवणारं सॉफ्टवेअर) वॉटरमार्क म्हणजे मेमरीची कमाल मर्यादा नव्हे!

ऐरोली, महापेपासून वागळे इस्टेटपर्यंत आयटी ऑफिसांत सगळीकडे हेच चालतं की वॉटरमार्क (मेमरीच्या इशाऱ्याची रेषा) ०.४ ठेवला म्हणजे रॅबिटएमक्यू ४०% रॅमच्या वर जाणारच नाही. साफ चूक. ती रेषा ओलांडली की अलार्म लागतो आणि मेसेज पाठवणारी कनेक्शन्स अडवली जातात, बस्स, नुसती वाचणारी चालूच राहतात आणि मेमरी त्यानंतरही वाढू शकते, कारण अर्लँगचा (रॅबिटएमक्यू ज्या भाषेत लिहिलंय ती) गार्बेज कलेक्टर, म्हणजे नको असलेली मेमरी साफ करणारा भाग, अगदी वाईट परिस्थितीत वापर दुप्पट करू शकतो, म्हणजे थेट ८०%! म्हणून तर जुना डिफॉल्ट ०.४ एवढा कमी होता (आवृत्ती ४.० पासून ०.६ झालाय). आणि पाठवणं-वाचणं एकाच कनेक्शनवर ठेवलंत तर ॲक (मेसेज मिळाल्याची पोच) पण अडकतात, सो कनेक्शन्स वेगळी ठेवा. रॅम कोण खातंय ते मेमरी ब्रेकडाउनमध्ये (कोणता भाग किती मेमरी घेतो त्याची यादी) बघा, दरवेळी क्यूच (मेसेजची रांग) दोषी असते असं नाही, कनेक्शन्सही भरपूर खातात.