घरी बनवलेलं स्मोक लिक्विड: मशीनमध्ये ओतण्याआधी वाचा

गणपती आणि शाळांची गॅदरिंगं जवळ आली की दुकानात एक प्रश्न हमखास येतो, "स्मोकचं लिक्विड घरी करता येतं का हो?" येतं. आम्ही लिक्विड विकतो, त्यामुळे आम्ही नाहीच म्हणणार असं बऱ्याच जणांना वाटतं. पण साध्या स्मोक मशीनचं लिक्विड ही काही गुप्त विद्या नाही. पाणी आणि ग्लिसरीन, बस. दुरुस्तीला येणारी मशीनं प्रमाण चुकल्यामुळे फारशी बिघडलेली नसतात. पाणी कुठलं घेतलं आणि ग्लिसरीन कुठलं घेतलं, तिथे घोळ झालेला असतो. हा कागद मुख्यतः त्यासाठी आहे.

एक अट आधीच सांगतो. आमच्याकडून भाड्यानं नेलेल्या मशीनमध्ये आम्ही दिलेलंच लिक्विड घालायचं. पुढचं सगळं तुमच्या स्वतःच्या मशीनसाठी, तेही वॉरंटी संपली असेल तर.

हा धूर नव्हेच

पूर्वी मशालीवर राळ फेकून भपका उठवत. 'राळ उडवणे' हा शब्दप्रयोग आपण अजून वापरतो. तो खरा धूर होता, काहीतरी जळत होतं. स्मोक मशीनमध्ये काहीच जळत नाही, निदान जळू नये. पंप लिक्विड ओढून तापलेल्या धातूच्या ठोकळ्यात ढकलतो, तिथे त्याची क्षणात वाफ होते आणि ती नोझलमधून जोरात बाहेर पडते. बाहेरच्या गार हवेत ती पुन्हा थिजून अतिसूक्ष्म थेंब होते. त्या थेंबांवर लाइट पडला की आपल्याला पांढरे लोट दिसतात.

नुसतं पाणी घातलं तर चहाच्या किटलीसारखी वाफ येते आणि लगेच विरते. ग्लिसरीन २९० अंश सेल्सिअसला उकळतं, त्यामुळे त्याचे थेंब हवेत सहज उडून जात नाहीत, तरंगत राहतात. कंपनीच्या लिक्विडमध्ये बहुतेक वेळा ग्लिसरीनऐवजी किंवा त्याच्या जोडीला प्रॉपिलीन ग्लायकॉल, ट्रायइथिलीन ग्लायकॉल असे पदार्थ असतात. लोट लवकर विरायला हवा की रेंगाळायला हवा, हे त्यांच्या मिश्रणावर ठरतं. घरच्या लिक्विडमध्ये एवढी कसरत जमत नाही. ते जरा जास्त चिकट राहतं आणि त्याचा लोट आटोक्यात ठेवणं थोडं कठीण जातं. शाळेच्या नाटकाला किंवा मंडळाच्या देखाव्याला तेवढं पुरतं.

पाणी

डिस्टिल्ड वॉटरच घ्या. बोअरचं नको, नळाचं नको. आरओचंही नको, कारण त्यात क्षार कमी असले तरी असतातच. पाणी उकळून घेतलं तरी सगळे क्षार जात नाहीत. गीझरच्या कॉइलवर जसा पांढरा थर चढतो, तसाच तो मशीनच्या आतल्या बारीक नळीत चढतो. फरक इतकाच की ती नळी खूप अरुंद असते आणि घासायला हात पोचत नाही. मागे एका मंडळाचं मशीन आलं होतं, 'पंप गेलाय' म्हणून. पंप ठणठणीत होता. बोअरच्या पाण्यानं एका हंगामात नळी चुन्यानं बंद केली होती. ठोकळाच बदलावा लागला आणि त्या खर्चात जवळपास नवं छोटं मशीन आलं असतं.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी सीलबंद कॅनमध्ये मिळतं, ते चालतं. पण त्याच दुकानात, त्याच रॅकवर, तशाच कॅनमध्ये बॅटरी ॲसिडही असतं. लेबल दोनदा वाचा. गमतीनं नाही सांगत.

ग्लिसरीन

औषधाच्या दुकानातलं, बाटलीवर 'आय. पी.' लिहिलेलं, म्हणजे भारतीय औषधकोशाच्या मानकाचं ग्लिसरीन घ्या. गुलाबपाणी किंवा वास मिसळलेलं नको. केमिकल मार्केटमधलं सुटं, स्वस्त, बिनलेबलचं तर नकोच. यावर आम्ही अडून बसतो त्याला कारण आहे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल निघालं आणि १४ रुग्ण दगावले. त्याच्या चौकशीसाठी लेंटिन आयोग नेमला गेला होता. दिसायला दोन्ही सारखेच, रंग नसलेले, दाट, गोडसर. आपण हे पीत नाही हे खरं, पण त्याची वाफ करून भरल्या हॉलमधल्या माणसांच्या नाकात सोडतो.

याच कारणानं गाडीच्या रेडिएटरमध्ये घालायचं कूलंट वापरू नका. त्यातही 'ग्लायकॉल' असतं, पण बहुधा इथिलीन ग्लायकॉल, आणि ते विषारी आहे.

प्रमाण

१ लिटर डिस्टिल्ड वॉटरला २५० मिली ग्लिसरीन, म्हणजे एकूण मिश्रणात २० टक्के. ४०० ते ५०० वॉटच्या छोट्या मशीनला इथून सुरुवात करा. लोट दाट हवा असेल तर ग्लिसरीन ४०० मिलीपर्यंत वाढवा, त्यापुढे नको. दाट करायच्या हौसेपायी पंपावर ताण येतो आणि नोझलखाली तेलकट डबकं साचतं.

ग्लिसरीनच्या बाटल्या बऱ्याचदा ग्रॅमवर विकतात. ग्लिसरीन पाण्यापेक्षा जड असतं, १०० ग्रॅमची बाटली म्हणजे साधारण ८० मिली. त्या हिशेबानं २५० मिलीला १०० ग्रॅमच्या तीन बाटल्या आणि वर थोडं लागतं.

ओतल्यावर ग्लिसरीन तळाशी बसतं. पाकाच्या तारांसारख्या रेघा दिसेनाशा होईपर्यंत हलवा आणि बुडबुडे जाऊ द्या. लागेल तेवढंच करा, कारण पातळ झालेल्या ग्लिसरीनमध्ये काही दिवसांनी बुरशी धरते. गढूळ दिसलं किंवा वास आला तर ओतून टाका. आणि पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. रंग पाण्यासारखाच, पोरं तहानलेली, पुढचं सांगायला नको.

खाण्याचा रंग, अत्तर, साखर, कापूर यातलं काहीही आत घालू नका. लोटाला रंग लिक्विडनं येत नाही, लाइटनं येतो. भगवा हवा असेल तर स्टेजवरचा रंगीत लाइट, म्हणजे 'पार' लाइट, भगवा करा.

पहिली चाचणी उघड्यावर

मशीन अंगणात किंवा गच्चीवर गरम होऊ द्या, त्याला काही मिनिटं लागतात. दोन-तीन फुंकर सोडा. नोझलमधून थेंब उडत असतील तर हीटर पुरता तापलेला नाही किंवा मिश्रण पातळ आहे. वडे तळताना तेल धुरावलं की डोळ्यांत झोंबणारा वास येतो, तसा वास आला तर मशीन लगेच बंद करा. ग्लिसरीन प्रमाणाबाहेर तापलं की त्यातून ॲक्रोलीन नावाचा वायू निघतो आणि जास्त तापलेल्या तेलातून येणारा तिखट वासही त्याचाच असतो. प्रत्येक मशीनचं तापमान त्याच्या कंपनीच्या लिक्विडसाठी बसवलेलं असतं, त्यामुळे शेजाऱ्याच्या मशीनला चाललेलं मिश्रण तुमच्याला चालेलच असं नाही.

हेझरला हात लावू नका

हेझर म्हणजे लोट न दिसता हॉलभर पातळ पडदा धरून ठेवणारं मशीन. शार्पीचे, म्हणजे अरुंद झोत टाकणाऱ्या फिरत्या लाइटचे झोत हवेत उठून दिसतात ते त्याच्यामुळे. याचं लिक्विड घरी करू नका, हे आमचं स्पष्ट मत. काही हेझर पाणी-ग्लायकॉलवर चालतात, काही शुद्ध केलेल्या खनिज तेलावर. तेलाचे हेझर तेल तापवत नाहीत, दाबाच्या हवेनं त्याचे थेंब फोडतात. ते तेल तापणाऱ्या स्मोक मशीनमध्ये घातलं तर पेट घेऊ शकतं. बेबी ऑइल, खोबरेल यांचे प्रयोग तर विसराच. तेलाचे बारीक थेंब फुफ्फुसात साचले तर न्यूमोनियासारखा त्रास होतो. नगरपालिकेचं डास मारायचं मशीनही वेगळंच, त्यात बहुधा डिझेलमध्ये कीटकनाशक असतं. "तेच आणू का?" असं आम्हाला खरोखर विचारलं गेलं आहे.

जमिनीलगतचे ढग

लग्नात जोडप्याच्या पायाशी पसरतात ते ढग साध्या मशीनचे नव्हेत. ते ड्राय आइसचे, नाहीतर बर्फावरून गार करून सोडलेल्या लोटाचे. ड्राय आइस उणे ७८.५ अंशांचा असतो, जाड हातमोज्यांशिवाय धरू नका आणि झाकण घट्ट लावलेल्या डब्यात ठेवू नका, फुटतो. त्याचा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्यानं खाली साचतो. बंद हॉलमध्ये पुढच्या रांगेत सतरंजीवर लहान मुलं बसलेली असतील तर तो वापरूच नका.

हॉलमध्ये

अमेरिकेत ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या नाट्यगृहांतल्या, नटांची पाहणी २००० साली झाली. त्यात ग्लायकॉलचे लोट जास्त असतील तिथे घसा, नाक, डोळे यांच्या तक्रारी वाढलेल्या दिसल्या आणि एका वेळी घनमीटरला ४० मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली गेली. आपल्याकडे मोजायला यंत्र नसतं. मागच्या रांगेतून नटाचा चेहरा दिसत नसेल तर जास्त झालं, एवढं ओळखा. दम्याचा त्रास असलेल्या कलाकारांना आधी विचारा, नोझल कुणाच्या तोंडावर रोखू नका, गाणाऱ्याच्या तर नाहीच.

नोझलसमोरची फरशी निसरडी होते. तिथून नाचणाऱ्या मुली जाणार असतील तर मशीन विंगेत मागे सरकवा आणि मध्यंतरात फरशी पुसा. सभागृहातले धुराचे सेन्सर या लोटांनी वाजतात, म्हणून व्यवस्थापकाला आधी कळवा. सेन्सरवर पिशवी बांधण्याचा उद्योग स्वतः करू नका.

कार्यक्रम झाल्यावर

टाकी रिकामी करा, नाहीतर टेम्पोत सांडते. मात्र मशीन कोरडं चालवू नका, पंप जळतो. हंगाम संपला की ८० टक्के डिस्टिल्ड वॉटर आणि २० टक्के पांढरं व्हिनेगर मिसळून उघड्यावर काही फुंकर सोडा, मग नुसतं डिस्टिल्ड वॉटर. मशीनच्या पुस्तिकेत मनाई असेल तर हे करू नका.

आणि मशीन दुरुस्तीला आणाल तेव्हा त्यात घातलेल्या लिक्विडची उरलेली बाटलीही बरोबर घेऊन या. काय घातलं होतं ते खरं सांगा. ठोकळा उघडल्यावर आम्हाला ते कळतंच, फक्त तासभर जास्त जातो आणि मजुरी त्याचीही लागते.