वयातलं अंतर आणि लग्नाचा खरेपणा: स्पाउस व्हिसामागचा इतिहास

नवरा-बायकोच्या वयात पंधरा-वीस वर्षांचं अंतर असलं की स्पाउस व्हिसाची (परदेशातल्या जोडीदाराकडे राहायला जाण्याच्या व्हिसाची) फाइल जास्त बारकाईने तपासली जाते, हे अर्ज करणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या कानावर आलेलं असतं. पण ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांपैकी कोणत्याही देशाच्या कायद्यात दोघांच्या वयात जास्तीत जास्त किती अंतर असावं, असा नियम नाही. किमान वयाची अट बहुतेक ठिकाणी आहे, अंतराची कुठेच नाही. मग हा संशय आला कुठून? तो अधिकाऱ्यांच्या मार्गदर्शक पुस्तिकांतून आला आणि ‘लग्न असं असतं’ या त्यांच्या कल्पनेतून आला. त्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. आज मागितले जाणारे पुरावे याच स्वरूपाचे का, हे त्या इतिहासाशिवाय उमगत नाही.

एके काळी प्रश्न फारच सोपा होता. ब्रिटनमध्ये १८४४च्या आणि अमेरिकेत १८५५च्या कायद्याने नागरिक पुरुषाशी लग्न केलेल्या परदेशी स्त्रीला नवऱ्याचं नागरिकत्व आपोआप मिळत असे. लग्न कायदेशीर आहे ना, एवढंच बघायचं. ते कशासाठी केलं हे कुणी विचारत नसे. अमेरिकेने हा मार्ग १९२२मध्ये बंद केला, ब्रिटनने १९४९च्या सुरुवातीला. मधल्या काळात, १९३५मध्ये, एका नामवंत इंग्रज कवीने नाझी राजवटीने नागरिकत्व हिरावून घेतलेल्या एका जर्मन लेखिकेशी लग्न केलं. दोघांची आधी ओळखदेखील नव्हती. लग्न लागलं, तिला ब्रिटिश पासपोर्ट मिळाला आणि तिचा जीव सुरक्षित झाला. आजच्या व्याख्येत हे लग्न सरळ ‘बनावट’ ठरलं असतं.

आशियातून येणाऱ्या बायकांच्या वाट्याला मात्र हा सोपेपणा कधी आला नाही. अमेरिकेच्या १८७५च्या पेज कायद्याने वेश्याव्यवसायासाठी आणल्या जाणाऱ्या स्त्रियांना बंदी केली. प्रत्यक्षात चिनी स्त्रियांची हाँगकाँगच्या बंदरातच चारित्र्याबद्दल उलटतपासणी होऊ लागली. खऱ्या बायकांनाही आपण बायको आहोत हे पटवून द्यावं लागे.

वयाचा मुद्दा ठळकपणे समोर आला तो जपानी ‘पिक्चर ब्राइड्स’च्या वेळी. १९०७-०८च्या समझोत्याने जपानी मजुरांचं अमेरिकेत येणं थांबलं, पण तिथे आधीच असलेल्यांना बायको आणण्याची मुभा राहिली. मध्यस्थ फोटो पाठवायचे, नवऱ्याच्या गैरहजेरीत जपानमध्ये लग्नाची नोंद व्हायची आणि मुलगी बोटीत बसायची. पुरुष वर्षानुवर्षं मळ्यांत आणि रेल्वेच्या कामावर राबलेले असत आणि बरेचदा बायकोपेक्षा दहा-पंधरा वर्षांनी मोठे असत. काही जण तरुणपणीचा जुना फोटो पाठवत, काही तर दुसऱ्याच देखण्या माणसाचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल बेटावर १९१०पासून तपासणी केंद्र होतं. तिथे हातात फोटो धरून नवऱ्याला शोधणाऱ्या मुली आणि समोर फोटोपेक्षा कितीतरी वयस्क पुरुष, असं दृश्य पुन्हा पुन्हा दिसे. सुरुवातीची काही वर्षं अमेरिकी अधिकारी जपानमधली लग्नं मानत नसत, म्हणून बोटीतून उतरल्यावर धक्क्यावरच जोडप्यांची पुन्हा सामुदायिक लग्नं लावत. जपानविरोधी पुढाऱ्यांनी ‘प्रेमाविना लग्न’ म्हणून यावर राळ उठवली आणि १९२०मध्ये जपानने अशा वधूंना पासपोर्ट देणं थांबवलं. यात खरोखर फसवणूक झाली असेल तर ती त्या मुलींची. सरकारला कुणी फसवलं नव्हतं. आणि त्यांतल्या कितीतरी जणींनी त्याच नवऱ्यांबरोबर शेती केली, मुलं वाढवली, आयुष्य काढलं. वयातलं अंतर लग्नाच्या खरेपणाबद्दल काही सांगत नाही, हे तेव्हाच दिसायला हवं होतं.

‘बनावट लग्न’ ही कायदेशीर कल्पना आकाराला आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. डिसेंबर १९४५च्या वॉर ब्राइड्स कायद्याने अमेरिकी सैनिकांच्या परदेशी बायकांना प्रवेश सोपा झाला. काही माजी सैनिकांनी पॅरिसमध्ये लग्नं केली, जोडीदारांना अमेरिकेत आणलं आणि ठरल्याप्रमाणे ते वेगळे झाले. त्यावरून खटला झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५३मध्ये न्यायालय म्हणालं की फ्रान्समध्ये ती लग्नं वैध होती की नाही हा मुद्दाच नाही. दोघांचा नवरा-बायको म्हणून एकत्र संसार करण्याचा इरादा होता का, हे बघायचं. आजच्या प्रत्येक स्पाउस इंटरव्ह्यूचं मूळ या प्रश्नात आहे. १९७५मध्ये अपील न्यायालयाने त्यात महत्त्वाची भर घातली: इरादा बघायचा तो लग्नाच्या वेळचा. पुढे जोडपं विभक्त झालं, एवढ्यावरून लग्न खोटं ठरत नाही.

पण इरादा मनात असतो, तो तपासायचा कसा? न्यूयॉर्कमध्ये यावरून झालेल्या खटल्यात १९७६मध्ये तडजोडीने काही कार्यपद्धती ठरली. शंका असेल तर नवरा-बायकोला वेगवेगळ्या खोल्यांत तेच प्रश्न विचारायचे, ते रेकॉर्ड करायचं, सोबत वकील ठेवू द्यायचा, विसंगती दिसली तर खुलाशाची संधी द्यायची. हीच ‘स्टोक्स इंटरव्ह्यू’. पलंगाच्या कोणत्या बाजूला कोण झोपतं, काल रात्री जेवायला काय होतं, आज सकाळी आधी कोण उठलं, बाथरूममधल्या पडद्याचा रंग कोणता. या इंटरव्ह्यूचं नाव निघालं की आज लोकांच्या पोटात गोळा येतो, पण ती पद्धत आखली गेली अर्जदारांना मनमानीपासून वाचवण्यासाठी. मोठ्या वयाच्या जोडीदाराला अशा प्रश्नांचा जास्त त्रास होतो हेही खरं. साठीतल्या माणसाला तारखा पटकन आठवत नाहीत, आणि कागदावर ती ‘विसंगती’ म्हणून उतरते.

१९८६मध्ये अमेरिकेने लग्नातल्या फसवणुकीविरुद्ध कडक कायदा केला. लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर ग्रीन कार्ड सशर्त, आणि दोन वर्षांनी संसार चालू असल्याचा पुन्हा पुरावा. खोट्या लग्नाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. त्याआधी काँग्रेससमोर, म्हणजे अमेरिकी संसदेसमोर, इमिग्रेशन खात्याने सांगितलं होतं की अशा अर्जांतले सुमारे ३० टक्के खोटे असतात. हा आकडा ज्या पाहणीवर आधारला होता ती शास्त्रीयदृष्ट्या टिकणारी नव्हती, हे पुढे उघड झालं. कायदा मात्र राहिला, आणि आकड्याने रुजवलेला संशयही.

ब्रिटनची कहाणी दक्षिण आशियाई कुटुंबांसाठी सर्वांत कडवट आहे. १९६९मध्ये राष्ट्रकुल देशांतल्या नवऱ्यांना ब्रिटनमधल्या बायकोकडे येण्यावर निर्बंध आले, १९७४मध्ये ते उठले, १९७७मध्ये ‘सोयीच्या लग्नां’विरुद्ध नियम आला. जानेवारी १९७९मध्ये नियोजित वराकडे आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर कौमार्य चाचणी केली गेली. ती ३५ वर्षांची होती. लग्न ठरलेली मुलगी तरुण, अविवाहित आणि ‘अस्पर्श’ असणार, या अधिकाऱ्यांच्या ठोकताळ्यात तिचं वय बसत नव्हतं. बातमी फुटल्यावर प्रचंड गदारोळ झाला आणि ती पद्धत बंद करावी लागली. नंतर संशोधकांना सरकारी दफ्तरांत भारतीय उपखंडातली अशी किमान ८० प्रकरणं सापडली. वयावरून बांधलेला अंदाज माणसाला कुठवर नेतो, याचं याहून लाजिरवाणं उदाहरण या विषयात दुसरं नाही.

पुढच्याच वर्षी, १९८०मध्ये, ‘प्रायमरी पर्पज’ नियम आला. लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये प्रवेश मिळवणं हा नव्हता, हे १९८३पासून अर्जदाराने सिद्ध करायचं. नसलेली गोष्ट सिद्ध करायची! इंटरव्ह्यूत विचारायचे: लग्नानंतर कुठे राहणार? मुलगा म्हणाला ‘ब्रिटनमध्ये’, की हेतू उघड झाला. तो म्हणाला ‘ठरवलेलं नाही’, की उत्तर टाळलं. लग्नानंतर मुलगी सासरी जाते हा रिवाज अधिकाऱ्यांना माहीत होता, आणि तोच त्यांनी अर्जदारांवर उलटवला: मग हा नवरा बायकोच्या देशात का निघाला? वधू वराहून मोठी असली, घटस्फोटित असली, तिला मूल असलं, तर ‘तुमच्या समाजात असं लग्न होत नाही’ या धाटणीचं कारण नकारासाठी तयार असे. स्थळ बघून ठरलेल्या लग्नात लग्नाआधीचा सहवास जवळपास नसायचाच, त्यामुळे प्रेमाचा पुरावा द्यायचा कुठून हा प्रश्नच होता.

वकिलांनी त्यातून वाट काढली. १९८०च्या दशकाच्या मध्यात न्यायालयांनी मान्य केलं की लग्नानंतर दिसलेली ओढ लग्नाच्या वेळच्या हेतूवरही प्रकाश टाकते. मग लोक पत्रांचे गठ्ठे, ट्रंक कॉलची बिलं, बायकोच्या विमानाच्या तिकिटांची अर्धुकं सुनावणीला घेऊन जाऊ लागले. आज व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट, कॉल लॉग आणि बोर्डिंग पास आपण फाइलला जोडतो, ती सवय तिथून आली. १९८५मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने तीन स्त्रियांच्या दाव्यात निकाल दिला की नवऱ्यांना आणि बायकांना वेगळे नियम लावणं हा लिंगभेद आहे. सरकारने यावर काय करावं? नवऱ्यांवरची अट काढण्याऐवजी ती बायकांनाही लावली. शेवटी सत्ताबदलानंतर जून १९९७मध्ये गृहमंत्री जॅक स्ट्रॉ यांनी हा नियम रद्द केला. तोवर कितीतरी जोडप्यांची उमेदीची वर्षं अपिलांत गेली होती. त्यानंतर मुख्य कसोटी उरली ती संबंध खरे आहेत का आणि ते चालू आहेत का, ही.

त्याच वर्षी, ४ डिसेंबर १९९७ला, युरोपीय संघाच्या मंत्रिमंडळाने बनावट लग्नांबाबत ठराव केला. संशयाची कारणं त्यात नोंदवली आहेत: एकत्र न राहणं, लग्नाआधी कधी न भेटणं, दोघांना समजणारी भाषा नसणं, एकमेकांच्या माहितीत विसंगती, लग्नासाठी पैसे घेणं (जिथे हुंड्याची प्रथा आहे ते वगळून), आधीची बनावट लग्नं. या यादीत वयातलं अंतर नाही. अमेरिकी अधिकाऱ्यांच्या पुस्तिकेत मात्र वयातला मोठा फरक हे संशयाचं लक्षण म्हणून स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि स्विस न्यायालयंही तो एक संकेत म्हणून धरतात. म्हणजे एका यादीत असलेली गोष्ट दुसरीत नाही. मला हा या सगळ्या विषयातला कळीचा पुरावा वाटतो. अंतर हे फसवणुकीचं लक्षण असतं, असं सर्वांचं कधीच एकमत नव्हतं.

किमान वयाचा वाद वेगळा, तो थोडक्यात सांगतो. डेन्मार्कने २००२मध्ये दोघांसाठी २४ वर्षांची अट आणली. ब्रिटनने जबरदस्तीची लग्नं रोखण्याच्या नावाखाली २००८मध्ये मर्यादा १८वरून २१ केली. २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली आणि ती पुन्हा १८वर आली.

ऑस्ट्रेलियाने संशयाची यादी देण्याऐवजी काय बघायचं ते नियमांतच लिहिलं: आर्थिक व्यवहार, घर कसं चालतं, समाजात दोघं जोडपं म्हणून ओळखले जातात का, आणि एकमेकांशी बांधिलकी. ओळखीच्या लोकांचं निवेदन, म्हणजे फॉर्म ८८८, त्यातल्या सामाजिक बाजूसाठी. मोठ्या वयफरकाच्या जोडप्यांना ही चौकट जास्त न्याय देते असं माझं मत आहे, कारण त्यात दोघं कसे दिसतात यापेक्षा कसे राहतात याला वजन आहे. कॅनडाने २०१०मध्ये उलट दिशेने नियम कडक केला. आधी लग्न खरं नाही आणि ते इमिग्रेशनसाठी केलं, या दोन्ही गोष्टी ठरल्या तर अर्ज फेटाळला जाई. आता एक ठरली तरी पुरे. २०१२मध्ये दोन वर्षांचं सशर्त वास्तव्य आणलं, पण त्रास देणाऱ्या जोडीदाराकडे अडकून पडण्याची भीती त्यातून वाढते अशी टीका झाली आणि २०१७मध्ये ते काढलं. मधल्या काळात तिथल्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा एक कागद बाहेर आला. हिऱ्याची अंगठी नसणं, फोटोत ओठांवर चुंबन नसणं ही त्यात संशयाची चिन्हं होती. २०१०मध्येच कॅनडाच्या फेडरल कोर्टाने बजावलं होतं की ठरवून केलेल्या लग्नांना पाश्चात्त्य अपेक्षांची फूटपट्टी लावू नका.

म्हणूनच वयफरकाच्या फाइलमध्ये अंतराबद्दल गप्प बसणं परवडत नाही. दोघांनी आपापल्या निवेदनात ते स्वतःहून मांडावं: ओळख कशी झाली, आधीचं लग्न कसं संपलं (घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा मृत्यूचा दाखला जोडून), घरच्यांची काय प्रतिक्रिया होती, मुलांचं आणि म्हातारपणाचं काय ठरवलंय. घरच्यांचा विरोध झाला असेल तर तसं लिहावं. तो लपवला आणि इंटरव्ह्यूत एकाच्या तोंडून निघाला, तर अधिकाऱ्याला लपवाछपवी दिसते. जॉइंट अकाउंट, भाड्याचा करार, विम्यातलं वारस म्हणून नाव, एकमेकांच्या आजारपणातली हॉस्पिटलची कागदपत्रं, वर्षानुवर्षांच्या अंतराने काढलेले फोटो. लग्नाच्या एका दिवसाचे दोनशे फोटो जोडण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

सिद्ध कुणी करायचं, हे कोणत्या कायद्याखाली अर्ज आहे त्यावर ठरतं. युरोपीय संघाच्या मुक्त संचाराच्या हक्काखाली लग्न बनावट असल्याचा आरोप सरकारने सिद्ध करायचा, असं ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये स्पष्ट केलं. साध्या स्पाउस व्हिसाच्या अर्जात मात्र भार अर्जदारावरच असतो. आणि अमेरिकेत एकदा लग्न बनावट असल्याचा ठोस निष्कर्ष नोंदला गेला, की त्या व्यक्तीसाठी पुढे दुसऱ्या, अगदी खऱ्याखुऱ्या जोडीदाराने केलेली याचिकाही मंजूर होऊ शकत नाही. ही बंदी आयुष्यभराची असते, म्हणून पहिल्या इंटरव्ह्यूनंतर आलेल्या नोटिशीला मुदतीत आणि कागदपत्रांसह उत्तर देणं कधीही चुकवू नये.