मायक्रोसॉफ्ट डिफेंडर बंद करणे

विंडोजसोबत येणारा मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हा अँटिव्हायरस थोडा वेळ थांबवणे, कायमचा निष्क्रिय करणे किंवा मुळासकट काढणे या तीन निराळ्या गोष्टी आहेत. घरगुती संगणकावर तिसरीची अधिकृत सोयच नाही.

मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २००४ मध्ये जायंट ही कंपनी घेतली आणि तिच्या स्पायवेअरविरोधी (म्हणजे गुपचूप माहिती टिपणाऱ्या सॉफ्टवेअरविरोधी) प्रोग्रॅममधून डिफेंडर घडला. २०१२ साली विंडोज ८ मध्ये तो पूर्ण अँटिव्हायरस झाला.

लोक तो बंद करू पाहतात ते बहुधा संगणक रेंगाळतो म्हणून. टास्क मॅनेजर उघडावा तर ‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’, म्हणजे डिफेंडरचीच प्रक्रिया, सगळ्यांत वर. जुन्या हार्ड डिस्कच्या लॅपटॉपवर पूर्ण स्कॅन चालू असेल, तर साधी वर्ड फाइल उघडायलाही ताटकळावे लागते. ही तक्रार खरी आहे. तिच्यावर उपाय मात्र बहुतेकदा स्कॅनची वेळ बदलणे किंवा एखादे विश्वासाचे फोल्डर ‘एक्स्क्लूजन’मध्ये, म्हणजे न तपासायच्या यादीत, टाकणे एवढाच असतो.

‘रिअल-टाइम प्रोटेक्शन’चे, म्हणजे सततच्या पहाऱ्याचे, बटण बंद केले तरी काही वेळाने ते आपोआप चालू होते. पूर्वी रजिस्ट्रीतील (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातील) ‘डिसेबल अँटिस्पायवेअर’ या नोंदीची किंमत १ केली की काम भागे. पण हीच वाट मालवेअरला, म्हणजे घातक प्रोग्रॅमनाही, मोकळी होती. म्हणून २०१९ मध्ये सेटिंग्जमधला परस्पर बदल रोखणारे ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ आले आणि ऑगस्ट २०२० पासून घरगुती संगणकांवर त्या नोंदीची दखल घेणे थांबले.

सरळ मार्ग एकच, दुसरा अँटिव्हायरस बसवणे. पुण्याच्या क्विक हीलसारखे उत्पादन टाकले आणि विंडोज सिक्युरिटी सेंटरमध्ये त्याची नोंद झाली की डिफेंडर स्वतःहून बाजूला होतो.

सर्वांत घातक प्रकार क्रॅक केलेल्या, म्हणजे परवान्याचे कुलूप तोडलेल्या, सॉफ्टवेअरचा. झिपमधल्या टेक्स्ट फाइलमध्ये ‘आधी अँटिव्हायरस बंद करा, इशारा खोटा आहे’ असे लिहिलेले असते. इशारा खोटा असूही शकतो, पण पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम पाठवणाराही नेमके हेच लिहितो, आणि वाचणाऱ्याला दोघांतला फरक कळायला काही साधन नसते. अशा सूचनेवर संरक्षण उतरवू नये.

विंडोज सर्व्हर २०१६ पासून सर्व्हरवर डिफेंडर ‘फीचर’ म्हणून येतो, त्यामुळे पॉवरशेल या कमांड देण्याच्या साधनातल्या एका कमांडने तो काढता येतो. मात्र तिथे दुसरा अँटिव्हायरस टाकला तरी डिफेंडर आपणहून हटत नाही. ते काम ॲडमिनलाच करावे लागते.