अमेरिकी अभिजात संगीतरचना आणि लोकप्रिय संगीतशैली

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अभिजात संगीताच्या रचनाकारांनी रॅगटाइम (जॅझपूर्वीचे, धक्क्याच्या लयीचे पियानोसंगीत), ब्लूज (कृष्णवर्णीयांची दुःखगीते), जॅझ, ब्रॉडवेची (न्यूयॉर्कच्या संगीतनाट्यांची) गाणी आणि पुढे रॉक या लोकप्रिय शैलींतून लय, स्वरांची वळणे, वाद्यांचे रंग व आकृतिबंध उचलले आणि ते सिंफनी (वाद्यवृंदाची दीर्घ रचना), कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना), ऑपेरा, बॅले या प्रकारांत मुरवले. अशी उचल युरोपीय रचनाकारांनीही केली. दार्यूस मीयो या फ्रेंच रचनाकाराचा जॅझच्या घाटाचा बॅले पॅरिसमध्ये १९२३ सालीच रंगमंचावर आला होता. अमेरिकेत मात्र हा केवळ नावीन्याच्या हौसेचा प्रश्न नव्हता. तेथील संगीतशिक्षण जर्मन वळणाचे होते. आपले म्हणावे असे संगीत रस्त्यावर, नृत्यगृहात आणि चर्चमध्ये होते, आणि त्यातले बरेचसे घडवणाऱ्या कृष्णवर्णीयांना संगीतसभागृहाचे दार जवळजवळ बंद होते.

या प्रभावाची सुरुवात जॅझपासून झाली असे समजले जाते, ते बरोबर नाही. न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मलेल्या लुई मोरो गॉटशॉक (१८२९–१८६९) याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच क्रिओल (लुइझियानातील फ्रेंच-आफ्रिकी मिश्र संस्कृतीच्या) गाण्यांच्या चाली पियानोवर आणल्या होत्या आणि बॅन्जो या गिटारसारख्या वाद्याच्या तारा छेडल्याचा भास निर्माण करणारी रचनाही केली होती. चेक रचनाकार अंतोनिन द्वोर्झाक १८९२ ते १८९५ या काळात न्यूयॉर्कच्या नॅशनल कन्झर्व्हेटरीचा संचालक होता. कृष्णवर्णीयांच्या गाण्यांवर अमेरिकी संगीताची उभारणी व्हावी, असे त्याने जाहीरपणे सांगितले. ती गाणी त्याला ऐकवणाऱ्यांत हॅरी बर्ली हा तेथला कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. चार्ल्स आइव्ह्‌ज (१८७४–१९५४) हा बँडमास्तरचा मुलगा. विम्याचा व्यवसाय सांभाळून त्याने बँडच्या धून, प्रार्थनागीते आणि रॅगटाइम एकमेकांवर आदळतील अशा रचना केल्या. ‘न्यू इंग्लंडमधील तीन स्थळे’ या कृतीत दोन बँड वेगवेगळ्या गतीने वाजत असल्याचा प्रत्यय येतो. या रचना पुष्कळ उशिरा वाजवल्या गेल्या, त्यामुळे समकालीनांवर त्यांचा परिणाम फारसा झाला नाही.

लोकप्रिय संगीतातून काय उचलता येते, हे शेवटी कागदावर काय उतरते यावर ठरते. चाल लिहिता येते, तालाची विभागणीही लिहिता येते. ॲरन कोपलंड या रचनाकाराने १९२७ सालच्या एका लेखात जॅझच्या लयीचे मर्म सांगितले, ते असे: मूळ ठेका चारचाच राहतो, पण त्यातल्या आठ अर्धमात्रांचे तीन आणि पाच असे असमान गट त्यावर चढतात. आपल्याकडे केरव्याच्या आठ मात्रा ४+४ अशा न मोजता ३+३+२ अशा मोजल्या, की हा धक्का हाताला लगेच कळतो. ब्लूजमधला गंधार मात्र कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी लागतो, आणि पियानोवर त्यासाठी पट्टीच नाही. म्हणून रचनाकार दोन्ही गंधार एकाच वेळी किंवा लागोपाठ वाजवून त्या जागेचा आभास निर्माण करतात.

१२ फेब्रुवारी १९२४ रोजी न्यूयॉर्कच्या एओलियन हॉलमध्ये पॉल व्हाइटमनच्या वाद्यवृंदाने सादर केलेली जॉर्ज गर्शविनची ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’ या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखी आहे. तिच्या आरंभी क्लॅरिनेटसाठी गर्शविनने सतरा स्वरांची सुटी, चढती तान लिहिली होती. तालमीत रॉस गॉर्मन या वादकाने थट्टेने ती मींड घेतल्यासारखी ओढून वाजवली. गर्शविनला ती इतकी आवडली की त्याने तशीच ठेवायला सांगितली. आज या कृतीची ओळख बनलेली खूण अशी वादकाच्या ओठांतून आली आहे. वाद्यवृंदासाठी मांडणी फर्डी ग्रोफे याने केली. पियानोचा काही भाग तर कार्यक्रमाच्या दिवशी लिहिलेलाच नव्हता. गर्शविन मान हलवून खूण करील तेव्हा वाद्यवृंदाने पुन्हा सुरू करायचे, असे ठरले होते. पुढच्याच वर्षीच्या पियानो कॉन्चेर्टोचे वाद्ययोजन गर्शविनने स्वतः केले. ‘पोर्गी अँड बेस’ (१९३५) हा त्याचा ऑपेरा मात्र, कृष्णवर्णीय जीवनाचे चित्रण बाहेरच्या माणसाने केले म्हणून, आजही वादाचा विषय आहे.

याच काळातील विल्यम ग्रँट स्टिल या कृष्णवर्णीय रचनाकाराचे काम अधिक आतून आलेले आहे, तरी त्याची चर्चा फार कमी होते. स्टिलने ब्लूजकार डब्ल्यू. सी. हँडीकडे वाद्ययोजनाचे काम केले होते आणि एडगार व्हारेझकडे आधुनिक रचनेचे धडेही घेतले होते. त्याच्या ‘ॲफ्रो-अमेरिकन सिंफनी’चा (१९३०) मुख्य विषय बारा बारांचा (बार म्हणजे तालाचे एक आवर्तन) ब्लूज आहे: पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीने उत्तर द्यायचे. या साच्यावर सिंफनीचा पहिला भाग उभा राहतो, आणि तिसऱ्या भागात बॅन्जो येतो. १९३१ साली हॉवर्ड हॅन्सनच्या संचालनाखाली रॉचेस्टर येथे ती सादर झाली. १९३३ साली शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राने फ्लॉरेन्स प्राइसची पहिली सिंफनी वाजवली; तिच्या तिसऱ्या भागात नेहमीच्या स्केर्झोच्या (जलद, खेळकर भागाच्या) जागी ‘जुबा’ हे गुलामगिरीच्या काळातील, अंगावर थापा मारून करायचे नृत्य आहे.

कोपलंड १९२६ च्या पियानो कॉन्चेर्टोनंतर जॅझपासून दूर गेला आणि काउबॉयची गाणी व शेकर या ख्रिस्ती पंथाची भजने यांकडे वळला. लिओनार्ड बर्नस्टाइनने ‘वेस्ट साइड स्टोरी’त (१९५७) लॅटिन नृत्यताल, जॅझ आणि फ्यूग (एकच चाल एकामागोमाग अनेक स्वरपंक्तींत गुंफणारी रचना) एकत्र आणले. त्याच वर्षी गुन्थर शुलर याने जॅझ आणि अभिजात संगीत यांच्या संगमाला ‘तिसरा प्रवाह’ असे नाव दिले. नाव टिकले, पण प्रवाह मात्र अरुंदच राहिला.

१९६० नंतर देवघेवीचे स्वरूप बदलले. रचनाकार स्टीव्ह राइशने तरुणपणी जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचे वादन पुष्कळ ऐकले होते. एकाच स्वरसंगतीवर दीर्घकाळ टिकून राहण्याचे धैर्य त्याला तेथूनही मिळाले. ऱ्हीस चॅटमने १९७६ साली न्यूयॉर्कच्या एका क्लबमध्ये ‘रमोन्स’ हा पंक-रॉक गट ऐकल्यावर विद्युत गिटारांसाठी लिहायला सुरुवात केली. फिलिप ग्लासने डेव्हिड बोवी आणि ब्रायन ईनो या रॉक संगीतकारांच्या संगीतावर १९९२ साली सिंफनी रचली.

संस्थांची मान्यता याहून हळू आली. १९६५ साली संगीताच्या पुलित्झर या अमेरिकी पारितोषिकाच्या परीक्षकांनी जॅझ रचनाकार ड्यूक एलिंग्टनला विशेष सन्मान देण्याची शिफारस केली, तेव्हा पारितोषिकाच्या मंडळाने ती फेटाळली आणि तीनपैकी दोन परीक्षकांनी राजीनामे दिले. जॅझ रचनेला हे पारितोषिक प्रथम १९९७ साली, विन्टन मार्सालिसच्या रूपाने मिळाले. २००४ साली लिखित स्वरलिपीची अट शिथिल झाली आणि ध्वनिमुद्रणही ग्राह्य धरले जाऊ लागले. त्यानंतर २००७ साली ऑर्नेट कोलमनच्या प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणाला आणि २०१८ साली केन्ड्रिक लमारच्या रॅप अल्बमला हे पारितोषिक मिळाले.